मृगजळाचं चित्रीकरण

चि. सौमित्र यास,


तू पाठवलेला तुझ्या चित्रपटाचा कट पाहिला. मला जे म्हणायचंय ते फोनवर नीट मांडता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. सड्याची, आपल्या कोकणातल्या त्या उघड्या कातळपठाराची, दृश्यं चांगली आहेत. पहाटेचा ओला कातळ, चिरेखाणीची सरळ कापलेली भिंत, वैशाखात वाळून पिवळं पडलेलं गवत, हे सगळं तू थांबून पाहिलंयस हे कळतं. कातळशिल्पावरून कॅमेरा सरकतो तो वेगही मला पटला. खटकला तो आवाज. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचं पठण, त्याखाली सिंथेसायझरवरचा तंबोरा, आणि दोन्हींवर चढवलेला तो घुमारा. सडा उघडा आहे, चारी बाजूंनी वारा खाणारा आहे, आणि तू त्याला गाभाऱ्यात कोंडलंस. "आत्या, जमलंय का?" असं तू विचारलंस. अजून नाही जमलं. का नाही, ते सांगायला मला एका जुन्या चित्रपटाकडे जावं लागेल. तू तो पाहिलेला नाहीस असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. पाहिला असतास तर ते सूक्त इतक्या सहज वापरलं नसतंस.

वेर्नर हर्झोगचा 'फाटा मॉर्गाना', १९७१चा. सव्वा तासाचा आहे. कथा नाही, पात्रं नाहीत. सहारा वाळवंट, त्यावर माया लोकांची सृष्टीच्या उत्पत्तीची कथा, आणि संगीत. तुझ्या चित्रपटातही हेच तीन घटक आहेत: भूभाग, प्राचीन कथा आणि गुंगवणारा ध्वनी. म्हणूनच तो तुझ्यासाठी महत्त्वाचा.

सुरुवात विमानानं होते. म्युनिकच्या विमानतळावर एक विमान समोरून येतं आणि धावपट्टीला टेकतं. कट. पुन्हा विमान येतं, पुन्हा टेकतं. असं आठ वेळा. मध्ये काही नाही, निवेदन नाही. चौथ्या-पाचव्या विमानाला माणसं चुळबुळायला लागतात. ही सुरुवात जो निभावून नेतो तो पुढचंही पाहतो, असं हर्झोगनं सांगितलंय. ते खरंच आहे, पण मला तिथे त्याहून जास्त काही दिसतं. दिवस चढत जातो तशी धावपट्टीवरची हवा तापते, आणि प्रत्येक विमान आधीच्यापेक्षा जास्त थरथरतं. पहिल्याच्या कडा स्पष्ट आहेत. शेवटच्या विमानापर्यंत चाकं कुठे संपतात आणि जमीन कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. सहारा अजून खूप दूर आहे आणि मृगजळ सुरू झालंय, तेही एका युरोपीय शहराच्या डांबरावर. पुढे तो आपल्याला आफ्रिकेत नेतो तेव्हा "बघा, हा किती अद्भुत परका प्रदेश" असं म्हणायची सोय त्यानं आधीच काढून घेतलेली असते. डोळ्यांना फसवणारी हवा आपल्या घराजवळही तीच असते.

एकच गोष्ट आठदा दाखवण्यात आणखी एक काम होतं. पहिल्या दोन विमानांना आपण "विमान" पाहतो. मग विमान पाहून संपतं आणि आपण हवा पाहायला लागतो. तुझ्याकडे खाणीच्या भिंतीचा जो लांब शॉट आहे, त्यात हे होऊ घातलं होतं. तेवढ्यात सूक्ताचं पठण सुरू झालं आणि माझे डोळे काम सोडून कानाच्या मागे गेले.

मृगजळाबद्दल थोडं सांगते, कारण सगळा चित्रपट त्यावर उभा आहे. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, वरची त्या मानानं दाट राहते. आकाशाकडून खाली येणारा किरण या थरांतून वाकत वाकत पुन्हा वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. त्यामुळे आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसतो आणि आपण त्याला पाणी समजतो. ज्यावरून चित्रपटाला नाव मिळालं तो प्रकार याच्या उलट आहे. इटलीची मुख्य भूमी आणि सिसिली यांमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत थंड पाण्यावर उबदार हवेचा थर बसतो, मग दूरच्या किनाऱ्याचे एकावर एक रचलेले, ताणलेले मनोरे हवेत उभे राहतात. ते राजा आर्थरच्या कथांमधल्या मॉर्गन या जादूगारणीचे महाल आहेत असं लोक मानत. त्या हवेतून ती कथा त्या ठिकाणी रुजली. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

चित्रपटात एक दृश्य आहे. क्षितिजाजवळ पाण्यासारखं काही चकाकतंय आणि त्यावर एक गाडी इकडून तिकडे तरंगते आहे. जमिनीला तिची चाकं लागतच नाहीत. हर्झोग सांगतो, की त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना ती बस वाटली, तिच्यातून माणसं उतरताना दिसली. उन्हानं आणि तहानेनं जीव कासावीस झालेला. बसमध्ये थंड पाणी, बर्फ काहीतरी मिळेल म्हणून ते तिकडे धावले. तिथे बस नव्हती. टायरचा माग नव्हता. आजूबाजूला काहीच नव्हतं. आणि तरी फिल्मवर ती गाडी उतरली होती. भास चित्रित करता येत नाही, मृगजळ करता येतं. कारण भासाला बाहेर काही नसतं, मृगजळाला असतं. ती बस कुठेतरी दूर खरोखर उभी होती. तिची प्रतिमा भलत्या जागी पडली होती, एवढंच.

आता चित्रपटात वाचल्या जाणाऱ्या कथेकडे, पोपोल वुहकडे ये. हा ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या किचे माया लोकांचा ग्रंथ. स्पॅनिश आक्रमणानंतर, सोळाव्या शतकाच्या मध्यात, त्यांच्यातल्या काही जाणत्या माणसांनी तो लॅटिन लिपीत लिहून ठेवला. त्यांचा जुना ग्रंथ आता कुणाला पाहायला मिळत नाही हे त्यांनी सुरुवातीलाच नोंदवलंय. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी फ्रान्सिस्को हिमेनेझ या धर्मगुरूनं चिचिकास्तेनांगो गावात त्याची नक्कल करून शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिलं. आपल्यापर्यंत पोचली ती ही नक्कल. ती आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

त्यातली उत्पत्ती अशी. आधी फक्त आकाश आहे आणि शांत समुद्र. काही हलत नाही. देव आपसात विचार करतात, नाव उच्चारतात, आणि धुक्यातून डोंगर वर येतात. मग प्राणी घडवले जातात, पण त्यांना देवांची नावं घेता येत नाहीत, नुसता चीत्कार आणि फूत्कार. म्हणून त्यांच्या नशिबी मारलं जाणं आणि खाल्लं जाणं येतं. मग मातीचा माणूस. तो भिजतो, विरघळतो, त्याची मान वळत नाही. मग लाकडाची माणसं. ती बोलतात, चालतात, त्यांना मुलं होतात, पण त्यांना हृदय नाही आणि ज्यांनी घडवलं त्यांची आठवण नाही. पूर येतो. आणि मग जे होतं त्यासारखं मी दुसऱ्या कुठल्या पुराणात वाचलेलं नाही: त्यांची भांडी, तवे, वाटायचे दगड, घरची कुत्री, सगळी त्यांच्यावर उलटतात. आम्हाला रोज जाळलंत, रोज घासलंत, उपाशी ठेवलंत, आता आमची पाळी, असं म्हणत तोंडं फोडतात. जी वाचली ती माकडं झाली. खरा माणूस त्यानंतर, पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठातून.

सहारात मका नाही, माया नाहीत, आणि मायांच्या प्रदेशात असली वाळू नाही. मग ही कथा तिथे का? हर्झोगनं सुरुवात भलतीकडूनच केली होती. दुसऱ्या दीर्घिकेतून, देवयानीतून, आलेले परग्रहवासी एका मरायला टेकलेल्या ग्रहावर उतरतात आणि तिथला अहवाल चित्रित करतात, अशी विज्ञानकथा त्याच्या मनात होती. वाळवंटात पोचल्यावर ती कथा गळून पडली. भूभागानं तिला जागाच दिली नाही. तरी त्या पाहण्यातला परकेपणा राहिला. कॅमेरा गाडीच्या टपावर बसवून तो वाळवंटातून मैलच्या मैल नेलाय. धक्का बसू नये म्हणून त्याचे सहकारी आधी जमीन सारखी करत आणि गाडी स्वतः हर्झोग चालवत असे. ती सलग धाव पाहताना वाटतं, की पाहणाऱ्याला इथे उतरायचंही नाही आणि इथून जायचंही नाही. छायाचित्रण योर्ग श्मिट-राइटवाइनचं. कॅमेरूनमध्ये त्याचं नाव एका हव्या असलेल्या भाडोत्री सैनिकाच्या नावासारखं निघालं आणि सगळ्यांना तुरुंगात टाकलं. मलेरिया झाला, बिल्हार्झिया झाला. पुढचं चित्रीकरण तिथे सोडून द्यावं लागलं. अशा तुकड्यांतून हा चित्रपट जमलाय.

या तुकड्यांवर पोपोल वुह आलं ते एका विशिष्ट आवाजात, आणि मला तुला जे सांगायचंय त्याचं मूळ इथे आहे. पहिल्या भागाचं, 'सृष्टी'चं, वाचन लोटे आइस्नरनं केलंय. १८९६ साली बर्लिनमध्ये जन्मलेली ज्यू समीक्षक. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये तिनं जर्मनी सोडली. युद्धात फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत तिला कोंडलं होतं, नंतर खोट्या नावानं लपून दिवस काढले. पुढे पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये आँरी लांग्ल्वाबरोबर तिनं जुने चित्रपट जपले, आणि जर्मन मूकपटांवर लिहिलेलं तिचं पुस्तक आजही वाचलं जातं. युद्धानंतरच्या जर्मन दिग्दर्शकांच्या पिढीला आधीची पिढी उरलीच नव्हती. मधली माणसं एक तर नाझींबरोबर गेली होती, नाहीतर देशोधडीला लागली होती. आइस्नर त्यांना आजीसारखी मिळाली. १९७४ साली ती आजारी असल्याचं कळलं तेव्हा हर्झोग म्युनिकहून पॅरिसला चालत गेला, हिवाळ्यात. आपण चालत गेलो तर ती जगेल, असं त्यानं धरलं होतं. ती त्यानंतर नऊ वर्षं जगली.

हा आवाज ऐकताना नीट लक्ष दे. सत्तरी ओलांडलेली बाई. गळा कोरडा. ती अभिनय करत नाही, कुठेही शब्द उंचावत नाही. घुमारा नाही. समोर बसून वाचून दाखवावं तसं वाचते, ठाम आणि थोडं घाईनं, कारण तिला मजकूर माहीत आहे आणि तो पुरेसा आहे यावर तिचा विश्वास आहे. ज्यांचा ग्रंथ जवळजवळ नाहीसा झाला त्यांची कथा, आणि ती वाचणारी, जिला नाहीसं करायचं ठरवलं गेलं होतं ती बाई. चित्रपट हे कुठेही सांगत नाही. सांगायची गरजही नाही, ते आवाजात आहे. मी आकाशवाणीत आयुष्यभर लोकांचे आवाज मुद्रित केले. माईकसमोर माणूस कुठून आलाय हे लपत नाही, कितीही तालीम केली तरी. तुझ्या पठणाचा आवाज गोड आहे, शुद्ध आहे, स्वर पक्के आहेत. पण तो कुठून आलाय ते मला ऐकू येत नाही.

आइस्नर देवांच्या गोष्टी वाचत असते आणि पडद्यावर काय असतं? वाळूत अर्धी गाडली गेलेली मोडकी विमानं. गंजलेले सांगाडे. तेलाच्या प्रकल्पावर जळणाऱ्या ज्वाळा. उन्हानं चामड्यासारखी झालेली मेलेली गुरं. सृष्टीच्या आरंभाची कथा ऐकू येते आणि दिसतो तो कशाचा तरी शेवट. शब्द आणि चित्र एकमेकांना कुठेच समजावत नाहीत. जिथे ती क्षणभर जुळतात, धुक्यातून डोंगर वर येतात असं ऐकताना टेकड्यांची ओळ उगवते तिथे, अंगावर काटा येतो, कारण ते जुळणं अपघाती आहे हे आपल्याला माहीत असतं. लगेच ती पुन्हा सुटतात. पोपोल वुह त्या वाळवंटावर मृगजळातल्या बससारखं आहे. खोटं नाही. कुठेतरी दूर, स्वतःच्या ठिकाणी, पूर्ण खरं आहे. इथे त्याची प्रतिमा पडलीये, आणि तिची चाकं जमिनीला लागत नाहीत हे चित्रपट सतत दिसू देतो.

तुझ्या कटमध्ये चाकं जमिनीला लागल्याचा देखावा आहे. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे. नासदीय सूक्त वायव्येकडच्या नद्यांच्या प्रदेशातलं. आपल्या कातळावर ज्यांनी हत्ती, मासे, पक्षी, माणसं आणि आज कोकणात कुठे नसलेला गेंडा कोरला, ते कोण होते, त्यांची भाषा कोणती, सृष्टी कशी झाली असं ते आपल्या पोरांना सांगत, यातलं काहीच कुणाला माहीत नाही. २०२२मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, अभ्यासक मोजमापं घेताहेत, आणि तरी त्या माणसांची कथा आपल्यापाशी नाही. तू त्या रिकाम्या जागी ऋग्वेद बसवलास. ते इतकं बेमालूम बसतं की पाहणाऱ्याला वाटेल, हेच ते लोक म्हणत असणार. ज्यांचा शब्द उरला नाही त्यांच्या तोंडी दुसऱ्यांचा शब्द घालणं मला मान्य नाही, मग तो शब्द कितीही थोर असो. आणि ते सूक्त थोर आहेच. ज्यानं हे सगळं केलं त्यालाही हे ठाऊक असेल की नसेल, इथवर जाऊन थांबणारी उत्पत्तिकथा मला दुसरी माहीत नाही. म्हणूनच तिचा पार्श्वसंगीतासारखा वापर करू नये.

आणखी एक अडचण आहे, ती तुझ्या वयामुळे तुला जाणवली नसेल. १९८८मध्ये श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्या सुरुवातीला हेच सूक्त होतं, वनराज भाटियांच्या संगीतात, आणि त्याचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद. दादाच्या आणि माझ्या पिढीत ते शब्द कानावर पडले की भाटियांचा समूहस्वर आपोआप सुरू होतो. तुझा सडा तिथे हरतो. हर्झोगच्या जर्मन प्रेक्षकाच्या कानात पोपोल वुहला असली कुठली आधीची चाल नव्हती.

आता संगीत. तू "हिप्नॉटिक" असा शब्द वापरलास आणि त्यासाठी अखंड षड्ज लावून ठेवलास. 'फाटा मॉर्गाना' पाहताना गुंगी येते हे खरं, पण ती कशानं येते ते बघ. संगीत एका जातीचं नाही. हेंडेल आहे, मोत्सार्टचं मास आहे, कूपरँ आहे, ब्लाइंड फेथ हा रॉक बँड आहे. ओबो, व्हायोलिन आणि हातानं वाजवायचे ढोल घेऊन रागासारखं काही उभं करू पाहणारा लंडनचा थर्ड इअर बँड आहे. आणि लेनर्ड कोहेनची गाणी, साधी गिटार, तेच आवर्तन पुन्हा पुन्हा. प्रत्येक रचना आली की पुरती येते. तुकडे पाडून दृश्याच्या लांबीला बेतलेली नाही. ती आपल्या लयीत चालते, कॅमेरा त्याच्या लयीत. काही वेळानं कान सैल पडतो, संगीताकडून काही समजून घ्यायचं सोडून देतो, आणि मग डोळे मोकळे होतात. मध्येच संगीत नाहीसं होतं. नुसता वारा उरतो आणि आपल्याला एकदम कळतं की आपण किती वेळ कुठे होतो. ही थांबण्याची जागा नसेल तर गुंगी येत नाही, नुसती झोप येते. तुझा षड्ज पहिल्या मिनिटाला लागतो तो शेवटच्या नामावलीपर्यंत थांबत नाही. मणी कौल यांचा 'ध्रुपद' (१९८२) तुमच्या वर्गात दाखवलाच असेल. त्यात शेवटी आलाप आणि मुंबईच्या वस्तीवरून सरकणारा तो लांबलचक शॉट एकत्र येतात, तेव्हा तंबोराही तिथे कमावलेला असतो, कारण त्याआधी तासभर आपण डागर बंधूंना बसून गाताना, वाजवताना, शिकवताना पाहिलेलं असतं.

चित्रपटाचा तिसरा भाग, 'सुवर्णयुग', या गुंगीवर स्वतःच घाव घालतो. कॅनरी बेटांतलं लांझारोटे. एक लहानसं स्टेज. पियानोवर एक मध्यमवयीन बाई, ड्रमवर काळा गॉगल घातलेला पुरुष, तो गातोही. आवाज फाटक्या स्पीकरमधून आल्यासारखा, शब्द कळत नाहीत. तेच रटाळ गाणं. तिच्या चेहऱ्यावर काही नाही. त्याच्या डोळ्यांचं तर काही दिसतच नाही. कॅमेरा हलत नाही. त्या भागात ही जोडी पुन्हा पुन्हा परत येते. एका कुंटणखान्यातली ती जोडी होती, असं हर्झोगनं सांगितलंय, पण पडद्यावर ते कळायची काही सोय नाही. पहिल्या भागात आवर्तनानं डोळे उघडले होते, इथे तेच आवर्तन माणसाला यंत्र करून टाकतं. मला तिथे पोपोल वुहमधली लाकडी माणसं आठवतात. चालतात, बोलतात, आठवण कशाचीच नाही. तेव्हा आइस्नरचा आवाज केव्हाच थांबलेला असतो, तरी कथा चालू असते. तुझ्या चित्रपटात सूक्त थांबलं की पुढे काहीच चालू राहत नाही. त्याचा अर्थ दृश्यांत उतरलेलाच नाही.

हा चित्रपट मला इतका मोलाचा वाटतो, तरी त्यात एक गोष्ट आहे जी मी सोडून देऊ शकत नाही. त्यातली आफ्रिकी माणसं. एक मुलगा मोठ्या कानांचा वाळवंटी कोल्हा हातात धरून उभा आहे. कॅमेऱ्याकडे पाहतोय. शॉट इतका लांब चालतो की त्याला काय करावं ते सुचत नाही, आपल्यालाही नाही. कोल्हा सुटायला बघतो. मुलाची नजर हलत नाही. सगळ्या चित्रपटात माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलेला चेहरा तो. पण त्याला कुणी बोलू दिलेलं नाही. बोलतात ती गोरी माणसं: घोरपडीच्या कुळातला प्राणी हातात धरून त्याच्या सवयी समजावणारा गॉगलवाला, किंवा स्थानिक मुलांकडून एक जर्मन वाक्य घोकून घेणारी बाई. विद्युतवेगी युद्ध म्हणजे वेडेपणा, अशा अर्थाचं ते वाक्य. मुलं ते अर्थ न कळता म्हणतात. ही दृश्यं युरोपवर रोखलेली आहेत, वसाहतवाल्यांचं शिकवणं किती निरर्थक होतं ते दाखवणारी आहेत, हे मला कळतं. तरी ती मुलं त्यात साधनच राहतात. चित्रीकरण १९६८-६९चं. साहेलमधला दीर्घ दुष्काळ त्याच सुमारास सुरू झाला होता आणि पुढे त्यात माणसं आणि गुरं फार मोठ्या संख्येनं मेली. त्या वाळलेल्या जनावरांना मालक होते. चित्रपटाच्या दृष्टीनं ती एका परक्या ग्रहावरची निशाणी आहे, त्या मालकांच्या दृष्टीनं ते घर बुडालेलं आहे. परग्रहवासी होऊन पाहण्याची ही किंमत आहे. हर्झोगनं पुढे १९९२मध्ये कुवेतच्या जळत्या तेलविहिरींवर 'अंधाराचे धडे' केला, तिथेही हीच परकी नजर होती आणि तिथेही हाच प्रश्न उठला.

हर्झोग वाळवंटातला परका होता, हे निदान लपलेलं तरी नव्हतं. तू सड्यावर परका नाहीस. तुझ्या आजोबांची काजूची कलमं त्याच्या उतारावर आहेत. तुला परग्रहवासी व्हायची सोय नाही, आणि तसं व्हायची गरजही नाही. तुझ्या चोवीस मिनिटांत एकही माणूस नाही, हे मी दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं. चिरेखाण आहे, खाणीत काम करणारा नाही. सड्यावर गुरं आहेत, त्यांच्यामागे कुणी नाही. ड्रोनवरून सडा निर्मनुष्य दिसतो, कारण एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही.

आता कामाचं. सूक्त काढ, पूर्ण काढ, खाली कुजबुजत ठेवू नकोस. षड्जही काढ. आधी सगळा कट मुका पाहा आणि कुठली दृश्यं आवाजाशिवाय उभी राहतात ते वहीत लिही. मग रेकॉर्डर घेऊन वर जा, कॅमेरा नेऊ नकोस. भर दुपारी कातळावरचा वारा घे, आणि तोच संध्याकाळी. दोन्ही सारखे नसतात. माईकला चांगला फरचा मोजा घाल, नाहीतर सगळा फडफडाटच मिळेल. टिटवी तुला पाहून ओरडेल, ते ओरडणं वापर, तू तिथे आहेस याचा तो पुरावा आहे. खाणीतलं कटर यंत्र जवळून घेऊ नकोस, अर्ध्या मैलावरून घे. त्या अंतरावर त्याचा जो एकसुरी घोष होतो, तोच तुझा तंबोरा आहे. तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद पडतो, आणि तेव्हा सडा जसा एकदम समोर येतो तसं तुला संपादनात कधी साधता येणार नाही. बंद पडण्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग सलग मुद्रित कर, मध्ये थांबवू नकोस.

कथा हवीच असेल तर दादाबरोबर जा. सड्यावरच्या एकेका जागेची नावं त्याला पाठ आहेत, आणि राखणदाराच्या गोष्टी सांगणारी दोन म्हातारी माणसं अजून वाडीत आहेत. त्या गोष्टी कातळशिल्पांच्या नाहीत, फार नंतरच्या आहेत, हे चित्रपटात दिसू दे. दोन्हींमधलं अंतर बुजवू नकोस. मुद्रण करायच्या आधी विचार. राखणदाराबद्दल काही गोष्टी परक्यासमोर बोलायच्या नसतात असं ती म्हणाली, तर रेकॉर्डर बंद करून नुसतं ऐक. बोलली तर माईक हातभर अंतरावर ठेव, उजळणी करून घेऊ नकोस, खोकला आला तरी कापू नकोस. आणि नंतर घुमारा लावू नकोस, हे हात जोडून सांगते.

'फाटा मॉर्गाना' लॅपटॉपवर पाहू नकोस. तुमच्या शिक्षकांना सांगून मोठ्या पडद्यावर लावून घ्या. पहिल्यांदा पाहताना वही उघडू नकोस. दुसऱ्यांदा फक्त आवाजासाठी पाहा, आणि कुठलं संगीत कुठे सुरू होतं त्यापेक्षा कुठे थांबतं ते टिपून घे. ती यादी मला पाठव. आणि सड्यावरचं मुद्रण आलं की कच्चंच पाठव, साफ न करता, म्हणजे खाणीचा सूर आणि वारा एकमेकांत कुठे मिसळतात ते मला ऐकता येईल.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या